पट्टीखालची ओळ

“ओळखलंत का, ताई?” असं खिडकीबाहेरच्या माणसानं विचारलं तेव्हा ती चटकन “नाही” म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की आपण खोटं बोललो. ओळखलं होतं. शर्ट आज स्वच्छ होता, दाढी केलेली होती, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. पण एक पाय जरा पुढे टाकून, कुठल्याही क्षणी ब्रेक दाबायची तयारी असल्यासारखं उभं राहणं तेच होतं. महिन्यापूर्वी हाच माणूस याच खिडकीशी छातीभर दुसऱ्याचं रक्त घेऊन उभा होता. आपण त्याच्याकडे तेव्हा धड पाहिलंही नाही, असं तिनं इतके दिवस धरून ठेवलं होतं. पाहिलं होतं म्हणजे. मनाचा कारभारही भलता कारकुनी असतो. नको त्या गोष्टीची नक्कल जपून ठेवतो आणि हवी तेव्हा फाईल सापडत नाही म्हणतो.

“मी तो गाडी शिकवणारा हो. मास्तर म्हणतात मला. तो रंगारी पडला होता बघा, इमारतीच्या परांचीवरून, थेट आमच्या गाडीच्या पुढ्यात. आजींनी गाडी चालवत आणली होती...”

“हां, आलं लक्षात,” ती म्हणाली. “कसा आहे तो आता?”

“बरा आहे की. मागच्या आठवड्यात सोडला त्याला. पाय प्लास्टरमध्ये आहे, पण चालतो-बोलतो. म्हणजे चालत नाही, बोलतो.” तो हसला, आणि हसल्याची लाज वाटल्यासारखा थांबला. मग त्यानं खिशातून एक लांबट पाकीट काढून जाळीखालून आत सरकवलं. “हे आलंय मला. तक्रार नाही हं माझी. गाडीचे कागद कुठल्या टेबलावर द्यायचे तेवढं सांगा. वकिलाच्या ऑफिसात हेलपाटे घालण्यापेक्षा इथंच देऊन टाकतो.”

पाकिटातलं पत्र तिला वाचायची गरज नव्हती. अशी पत्रं तिला तोंडपाठ होती: आपण हमीदार या नात्याने, पंधरा दिवसांच्या आत, अन्यथा आपल्या मालकीच्या वस्तूंवरून. ती पत्राकडे नाही, त्याला जोडलेल्या फॉर्मच्या नकलेकडे बघत राहिली. खाली त्याची सही होती, मोठी, गोल, शाळेत अक्षर चांगलं म्हणून शाबासकी मिळालेल्या मुलासारखी. आणि वरच्या रकान्यात तिचं स्वतःचं बारीक, घाईतलं अक्षर. व्यवसाय: मोटार शिकवणे. त्याच्यापुढे: स्वतःची गाडी. हे तिनं त्याला विचारून लिहिलं होतं. रंगाऱ्याला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं होतं, काय करता, आणि तो म्हणाला होता, गाडी शिकवतो. आणि तिनं विचारलं होतं, गाडी कुणाची, आणि तो म्हणाला होता, माझीच की. किती सरळ सांगितलं होतं त्यानं.

“बाकावर बसा जरा,” ती म्हणाली. “बघते मी.”

तो बाकावर जाऊन बसला, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन. मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते, रांगेत चारच माणसं होती. तिनं एकाचं नाव लिहून घेतलं, दुसऱ्याला रक्ताच्या तपासणीकडे धाडलं, तिसऱ्या बाईला सांगितलं की विम्याचं कार्ड असेल तर पलीकडच्या खिडकीशी जा, तिथं पंखा आहे आणि बसायला खुर्च्याही आहेत. तिची ही खिडकी बिनकार्डवाल्यांची होती. अकरा वर्षं ती हिच्यामागे बसत होती. तिच्या उजव्या हाताशी एक अर्ध्या फुटाची स्टीलची पट्टी असे. तिच्याआधी इथं बसणारे थोरले कारकून, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी निवृत्त होताना ती तिच्या हातात दिली होती. काम शिकवतानाच ते म्हणाले होते, “हे बघ, फॉर्मवर खाली दोन ओळी आहेत. एक आणणाऱ्याची. दुसरी हमी देणाऱ्याची. दुसरी ओळ रिकामी असेल तर माणूस वर जात नाही, लिफ्टवाला घेतच नाही. आणि आलेला माणूस घाबरलेला असतो, हात थरथरतात, सही वाकडी जाते. म्हणून सही घेताना पट्टी ठेवायची. सरळ येते.” त्यांनी पट्टी ठेवून दाखवली होती. पट्टीची वरची कड बरोबर सहीच्या ओळीवर आली होती. आणि पट्टीच्या रुंदीखाली ओळीखालचा छापील मजकूर झाकला गेला होता, शब्दन् शब्द. तिनं भाऊंकडे पाहिलं होतं. भाऊंनी चष्मा काढून पुसला होता आणि म्हटलं होतं, “सरळ येते.” दोघंही पुढे काही बोलले नव्हते. त्या न बोलण्यात तिचं शिक्षण पूर्ण झालं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली होती.

वाईट हेतू नव्हता, हे तर खरंच. तिला आठवत होते ते सुरुवातीचे काही दिवस, भाऊंचं न ऐकता, पट्टी न ठेवता फॉर्म पुढे करायचे. माणसं वाचायची. वाचता वाचता त्यांचे चेहरे बदलायचे, आणि ‘जरा भावाला फोन करतो’ म्हणून बाहेर जायची. त्यांचा भाऊ येईपर्यंत, मेहुणा येईपर्यंत, कुणाचा तरी शेठ नाही म्हणेपर्यंत आजारी माणूस लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये पडून राहायचा. एकदा एक बाई अशीच पडून होती, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि दुपारनंतर तिला लिफ्टची गरज उरली नाही. त्या दिवसापासून तिनं पट्टी हातातून सोडली नव्हती. म्हणजे आपण माणसंच वर पाठवली की, असं ती स्वतःला सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त वर जाणाऱ्याच्या बदल्यात खाली कोण अडकलं, ते बघायचं काम तिचं नव्हतं. ते वकिलांकडे जाई. आणि वकिलांकडे गेलेली माणसं पुन्हा या खिडकीशी येत नसत. हा आला होता. वर तक्रार नाही म्हणत होता.

त्या दिवशीचं सगळं तिला आता लख्ख आठवायला लागलं, नको असताना. गाडी दारात आली ती खाडकन बंदच पडली होती. स्टीअरिंगवर एक साठीच्या बाई, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, उतरायचं भान नसलेल्या. मागच्या सीटवर हा मास्तर, मांडीवर रंगाऱ्याचं डोकं, एका हातानं त्याच्या कानामागे रुमाल दाबून धरलेला आणि तोंडानं अजूनही शिकवणं चालूच: क्लच, आजी, क्लच सोडू नका. आजी त्याच्याकडे तीन आठवडे शिकत होत्या आणि तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी भर गर्दीतून त्यांनी गाडी आणली होती. मग पहारेकरी ओरडायला लागला, गाडी हलवा म्हणून, आणि आजी पुन्हा गाडी चालू करायला लागल्या, आणि हा एकटाच खिडकीशी आला. कुणी सोबत असतं तर कदाचित मजकूर वाचला असता कुणीतरी. त्यानं विचारलं होतं, “कुठं करू सही?” तिनं पट्टी ठेवली होती. त्यानं सही केली होती आणि “झालं ना? नेतायत ना त्याला?” असं दोनदा विचारलं होतं. रंगारी त्याचा कुणीच नव्हता. नावसुद्धा माहीत नव्हतं त्याला. पेशंटच्या नावाच्या जागी तिनं ‘अनोळखी पुरुष, रंगकाम’ असं लिहिलं होतं. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या आयुष्याचा हमीदार.

हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या साहेबांचा शिपाई आला आणि एक चिठ्ठी ठेवून गेला. “मास्तरच्या केसची आहे. सही करून द्या, बारा वाजता वकिलांचा माणूस येतोय.” चिठ्ठी लहान होती, हाताच्या पंजाएवढी. मागे कुणीतरी कोर्टात सांगितलं होतं की मला काही वाचून दाखवलं नाही, तेव्हापासून या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. तीवर एकच वाक्य होतं: सही करणाऱ्यास मजकूर वाचून दाखवला होता. खाली तिच्या सहीची जागा. अशा नऊ चिठ्ठ्यांवर तिनं आजवर सह्या केल्या होत्या. चहा पिता पिता केल्या होत्या. दर वेळी वाटलं होतं की हा नुसता कागद आहे आणि कागदाला कागद लागतोच. त्या नऊजणांपैकी एकही असा समोर बाकावर पिशवी घेऊन बसलेला नव्हता. तिनं पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. मग शिपायाला हाक मारून सांगितलं, “मीच आणून देते म्हणावं साहेबांना.” शेजारच्या खिडकीतल्या मुलीला लक्ष ठेवायला सांगून ती उठली आणि जिन्यानं वर निघाली. साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर होती. ती तिसऱ्यावर गेली.

तिसऱ्या मजल्यावर तिचा नवरा मशीनला लावलेला होता. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते दोन, गेली तीन वर्षं. छापखान्यातली त्याची नोकरी गेली, त्यानंतर वर्षभरात मूत्रपिंडांनी मान टाकली. तिच्या नोकरीबरोबर विम्याचं कार्ड मिळत असे, त्यावर दोघांची नावं होती. पगार कुणालाही हसू येईल असाच होता. खरी कमाई ते कार्ड. ती ते पर्समध्ये न ठेवता ब्लाउजच्या आत ठेवत असे, पूर्वीच्या बायका मौल्यवान वस्तू ठेवत तसं. नोकरी दरवर्षी करारानं वाढायची. करार गेला की कार्ड गेलं, आणि कार्ड गेलं की हाच माणूस तिच्याच खिडकीशी, बिनकार्डवाल्यांच्या रांगेत. त्याच्यासाठी सही कोण करणार, हा प्रश्न तिनं कधी पूर्ण होऊ दिला नव्हता. अर्ध्यावर आला की ती उठून काहीतरी आवरायला घ्यायची.

“आज लवकर?” तो म्हणाला. दोन्ही नळ्यांतून रक्त जात-येत होतं. “अजून वाळायचंय गं माझं. धुऊन निघतंय.”

हा विनोद तो तीन वर्षं करत होता, आणि ती दर वेळी हसत असे. आज हसली नाही. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. “कुणाशी भांडून आलीस?”

तिनं स्टूल ओढलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं; मास्तर, आजी, गाडी, चिठ्ठी. पट्टीचंही सांगितलं. पट्टीचं त्याला आजवर सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत रोज संध्याकाळी घरी जाऊन दिवसभरातलं काय काय सांगितलं असेल, पण हे नाही. तो ऐकत होता आणि मशीनवरच्या आकड्यांकडे बघत होता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा झोपेत घोरत होता.

“मग?” ती म्हणाली. “काय करू, सांगा ना.”

“मला विचारू नकोस.”

“अहो, तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?”

“मला विचारशील तर मी सही कर म्हणेन,” तो म्हणाला. “मी मशीनला बांधलेला माणूस आहे. भितो मी. रात्री झोपेत भितो, तुला माहीत नाही. म्हणून म्हणतो, मला विचारू नकोस.”

त्यानं मोकळा हात तिच्या हातावर ठेवला. तो नेहमीसारखाच गार होता. तिला वाटलं, यानं सरळ सांगितलं असतं, कर बाई सही, तर किती बरं झालं असतं. आयुष्यभर मनातल्या मनात त्याच्यावर ढकलता आलं असतं. त्यानं तेवढीही सोय ठेवली नव्हती. तिला त्याचा राग आला. मग रागाचीच भीती वाटली, कारण मशीनला लावलेल्या माणसावर रागावून तिथून उठायचं नसतं असा तिचा स्वतःचाच एक नियम होता. ती मिनिटभर तशीच बसून राहिली आणि मग उठली.

जिना उतरताना तिला काका आठवले. बाराव्या वर्षी तिनं अशीच एक खिडकी बाहेरच्या बाजूनं पाहिली होती. बाबांच्या पोटात काहीतरी फुटलं होतं, आई रडत होती, आणि बाबांचा धाकटा भाऊ, जो तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता आणि दुकान टाकायला पैसे साठवत होता, त्यानं सही केली होती. बाबा वाचले. पुढे अकरा वर्षं जगले. काकांचं दुकान झालंच नाही. ते जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात उभे राहिले. आणि बाबा, काका खोलीत आले की उठून उभे राहायचे. मोठा भाऊ, धाकट्यासाठी. काका म्हणायचे, दादा, बस ना, हे काय. आणि बाबा बसायचे, पण खुर्चीच्या कडेवर. काकू कधी एक शब्द बोलली नाही. सणावाराला गेलं की पहिलं ताट बाबांना वाढायची, आणि ते ताट बाबांच्या घशाखाली उतरायचं नाही हे लहान असूनही तिला दिसायचं. शाळेत बक्षीस मिळालं की आई म्हणायची, आधी काकांना दाखव. नवा फ्रॉक घेतला की आई म्हणायची, काकांकडे जाताना घालू नकोस. पुढे ती इथं नोकरीला लागली, पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या पाया पडायला गेली, तेव्हा काका, पार थकलेले, म्हणाले होते, “त्या दिवशी काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं, पोरी. वाचलं असतं तर केली असती का सही, ते मला अजून सांगता येत नाही. कुणी विचारलं नाही तेच बरं झालं.” हे वाक्य तिनं अकरा वर्षं उशाशी ठेवलं होतं. विचारलं नाही तेच बरं. माणसाला चांगलं वागू द्यायचं असेल तर त्याला विचारायचं नाही, पट्टी ठेवायची. तिच्या सगळ्या नोकरीला हे एकच वाक्य टेकू देऊन उभं होतं. पण काकांनी ते कुठल्या आवाजात म्हटलं होतं, ते तिनं आज जिन्यावर पहिल्यांदा आठवून पाहिलं. आनंदानं म्हटलं नव्हतं त्यांनी. पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला होता, खाल्ला नव्हता.

पहिल्या मजल्यावर न थांबता ती तळमजल्यावर आली. मास्तर बाकावर तसाच बसला होता. शेजारच्या माणसाला तो रिव्हर्स घेताना मान कशी वळवायची ते सांगत होता. तिला बघून उठायला लागला.

“बसा, बसा,” ती घाईनं म्हणाली. कुणी तिच्यासाठी उठून उभं राहणं आत्ता तिला सोसलं नसतं. ती त्याच्या शेजारी बसली. “मास्तर, एक विचारू? खरं सांगा. त्या दिवशी तो मजकूर वाचला असतात, खर्च तुमच्यावर येईल असा, तर सही केली असती का?”

तो बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. “नसती केली,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू, ताई? दोन मुली आहेत. एक गाडी आहे. नसती केली. आणलं असतं त्याला, रुमाल धरला असता, तुम्ही म्हणाल तर रक्त दिलं असतं. पण ही सही नसती केली.” मग खाली बघत म्हणाला, “पत्र आल्यापासून तेच डोक्यात आहे. आपण नसती केली. आणि तो मेला असता. म्हणून म्हटलं, आता पैसे देऊनच टाकू. म्हणजे निदान केली असं तरी होईल.”

“आणि शिकवणार कशावर?”

“बघू. आजी म्हणाल्या, माझी गाडी घ्या. त्यांच्याकडे गाडी कुठाय? घ्यायची म्हणून तर शिकतायत.” तो पुन्हा हसला आणि पुन्हा थांबला. “त्या एक मात्र म्हणाल्या. म्हणाल्या, मास्तर, आता रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचं की नाही, ते पण शिकवा. मला काही सुचलं नाही.”

ती उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिला वाटलं, हा तयार आहे. स्वतःहून तयार आहे, तक्रार नाही म्हणतो, आपण काही न करताच सगळं बिनबोभाट पार पडेल. एक सही, आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिसरा मजला. नवऱ्याला काही सांगायचीही गरज नाही. तो विचारणार नाही, ते दोघं त्या न विचारण्यात पुढची वर्षं काढतील. तिनं कठडा धरला. तिला जोराचा हेवा वाटला मास्तरचा, त्याच्या त्या मूर्खासारख्या खरेपणाचा. नसती केली म्हणाला आणि अजून जिवंत होता.

साहेबांच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि टेबलावर वकिलांच्या माणसासाठी चहा झाकून ठेवला होता. साहेब वाईट नव्हते. बिनकार्डवाल्यांच्या वॉर्डात दोन वर्षांपूर्वी त्यांनीच दहा खाटा वाढवून घेतल्या होत्या, भांडून. त्यांनी तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

“यात काय वाचायचंय, ताई? नेहमीचीच आहे.”

“वाचून दाखवला नव्हता, साहेब.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “दार लावा.”

तिनं दार लावलं.

“मुकादम म्हणतो, रंगाऱ्याचं हजेरीत नाव नाही,” साहेब सावकाश म्हणाले, एखाद्या लहान मुलाला समजावल्यासारखं. “इमारतीचा मालक म्हणतो, मुकादमाला विचारा. सरकारी योजनेत त्याचं कार्ड नाही. त्याच्या घरी पत्र पाठवलं, तर घर म्हणजे कुणाच्या तरी गोठ्यातली खोली. मग राहिलं कोण?”

“ज्यानं आणलं तो?”

“ज्यानं सही केली तो.”

“आम्ही करून घेतली, साहेब. मी करून घेतली. पट्टी ठेवून.”

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिच्या लक्षात आलं, की पट्टीचं त्यांना ठाऊक होतं. फक्त त्यांच्यासमोर आजवर कुणी तो शब्द उच्चारला नव्हता.

“इथं आलेला प्रत्येक माणूस बरा होऊन जावा, असं मलाही वाटतं,” ते म्हणाले. “पण औषधवाला माझ्या वाटण्यावर औषध देत नाही. हा सोडला, तर उद्या ते नऊजण येतील. मग नव्वद. मग मी कुठल्या खाटा काढू, सांगा. तुमच्या मिस्टरांचं मशीन कशावर चालतं असं वाटतं तुम्हाला?” आवाज चढला नव्हता. “मी धमकी देत नाहीये. विचारतोय. पैसे कुणीतरी द्यायचेच असतात, ताई. कुणी द्यायचे ते सांगा, मी त्याच्याकडून घेतो.”

मुकादमानं द्यावेत, मालकानं द्यावेत, सरकारनं द्यावेत, सगळ्यांनी मिळून थोडे थोडे द्यावेत. हे सगळं ती वर्तमानपत्रात वाचत आली होती आणि तेही खरंच होतं, पण यातलं कुणीही आत्ता त्या खोलीत नव्हतं. खोलीत साहेब होते, ती होती आणि झाकलेला चहा होता. खाली बाकावर एक माणूस होता. तिनं उभ्यानंच टेबलावर चिठ्ठी ठेवली, छापील वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: मजकूर वाचून दाखवला नव्हता. तो पट्टीनं झाकून सही घेतली. याआधीच्या नऊ जणांचीही तशीच घेतली. मग सही केली. सही वाकडी आली, ओळ सोडून वर चढली.

साहेबांनी चिठ्ठी उचलून वाचली. दोनदा वाचली. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं, आणि साहेब म्हणाले, “थांबा जरा.” मग तिला म्हणाले, “या नऊजणांचं तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.”

“नाही.”

“अकरा वर्षांत किती फॉर्म भरले असतील तुम्ही?”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “मिस्टर आत्ता वरच असतील ना?”

“हो.”

“किती राहिलंय त्यांचं?”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “दोन तास.”

“होऊ द्या पूर्ण,” साहेब म्हणाले. “त्यांचं आटोपलं की मला येऊन भेटा. येताना खिडकीच्या किल्ल्या आणा.”

तळमजल्यावर जाऊन तिनं मास्तरला सांगितलं, कागद घेऊन घरी जा, तुमचं नाव निघेल त्यातून. तो बघतच राहिला. मग पिशवी छातीशी धरून त्यानं विचारलं, “मग पैसे कोण देणार, ताई?” ती म्हणाली, “माहीत नाही.” तो तरी हलेना. “तुमच्या अंगावर तर नाही ना आलं काही?” असं त्यानं विचारलं, आणि आता इथं थांबलो तर रडू कोसळेल हे ओळखून ती “गाडी हलवा हो, पहारेकरी ओरडेल” म्हणाली आणि वळली.

तिसऱ्या मजल्यावर नवरा डोळे मिटून पडला होता. ती स्टुलावर बसली. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही; पण तिनं त्याचा गार हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, आणि त्याला कळलं असावं, कारण त्याची बोटं तिच्या मुठीत एकदा आखडली आणि मग सावकाश सैल झाली. मशीन एका लयीत घुमत होतं. आकडे एकेक मिनिटानं कमी होत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हे मशीन जरा सावकाश चालावं.

दोनला दहा कमी असताना सिस्टर वही घेऊन खाटांवरून फिरत आली. तरुण होती, घाईत होती, पुढच्या पाळीची यादी तिला वेळेत द्यायची होती. “काका, शुक्रवारचं सकाळचंच लिहू ना?” तिनं विचारलं.

“तिला विचारा,” तो म्हणाला.

सिस्टरनं पेन वहीवर टेकवून तिच्याकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांत भीती होती, उघडी, न लपवलेली, पण तिच्यावर रोख नव्हता.

“लिहा,” ती म्हणाली.